तिरुवारूरचं पुट्रु, आमचं रोण आणि बसमधला वाद

रोणाकडची

नमस्कार मंडळी. माझं माहेर वेंगुर्ले तालुक्यातलं, घराणं गुरवांचं. आमच्या गावची सातेरी म्हणजे मूर्ती नव्हे, रोण. घाटावरच्यांसाठी सांगते, रोण म्हणजे वारूळ. गाभाऱ्यात जमिनीतूनच वर आलेली माती आणि तिला नेसवलेलं लुगडं. बाबा पूजेला बसले की मी उंबऱ्याबाहेर झेंडूचे देठ खुडत बसायचे. एखाद्या पावसाळ्यात रोण बोटभर चढलेलं दिसलं की बाबा गावात कुणाला काही बोलत नसत. घरी येऊन आईला हळूच सांगत, "गे, वाढला." त्या दिवशी घरात गोडाचं व्हायचं.

यंदा जानेवारीत बारा दिवसांची तामिळनाडू यात्रा केली. कुंभकोणमहून तिरुवारूरला जाताना बस पंक्चर झाली आणि आम्ही सगळे रस्त्याकडेला उतरलो. समोर कडुलिंब. त्याच्या बुंध्याशी माझ्या कमरेएवढं वारूळ, हळदीने माखलेलं, वर कुंकवाचे ठिपके, भोवती पिवळं कापड. पुढ्यात अंड्याची टरफलं आणि दूध ओतल्याचा ओला डाग. मी चपला काढून हात जोडले. गजरे विकणारी म्हातारी होती, ती म्हणाली, "अम्मन," म्हणजे देवी. मग वारुळाकडे बोट करून, "पुट्रु." एवढे दोनच शब्द मला कळले, पण मला वाटलं मी माहेरच्या देवळात उभी आहे.

तिरुवारूरला पोचलो तर आणखी नवल. त्यागराजाच्या त्या मोठ्या देवळात मुळातल्या शिवाचं नाव वन्मीकनाथ. तामिळमध्ये त्याला म्हणतात 'पुट्रिडंकोंडार', म्हणजे वारुळात जागा घेतलेला. आमच्याकडे वारुळात देवी, इथे वारुळात महादेव!

परतताना बसमध्ये वाद. गाइड म्हणे, शिव आणि देवी दोघंही उत्तरेकडून आले, तामिळांना आधी काही नव्हतं. दादरचे एक निवृत्त गृहस्थ म्हणे, उलट, सगळं तामिळांचं, आपण उचललं. दोघेही इतक्या खात्रीने बोलत होते की मला दोघांचीही खात्री वाटेना.

तर माझे प्रश्न. शिव, पार्वती, दुर्गा ही नावं रूढ होण्याआधी तामिळ लोक कोणाला हात जोडत होते? देवी जुनी की महादेव? आणि हे वारुळाचं काय गौडबंगाल आहे?

विचारण्यामागे एक कारण घरचंही आहे. गावात जीर्णोद्धार निघालाय. समितीतल्या काहींचं म्हणणं, रोणावर चांदीचा मुखवटा बसवू, भोवती संगमरवर घालू आणि बाहेर पाटीवर 'श्री पार्वती देवी' लिहू. म्हणजे बाहेरच्यांना कळेल. बाबा आता नाहीत. भाऊ पूजा करतो, तो गप्प आहे.

बांदेकर_झील

ताई, आमच्या आज्यान एका वाक्यात सांगल्यान होता, रोण आधी इला, नाव मागसून. तामिळांचा माका काय म्हायत नाय. पण संगमरवर घातल्यावर रोण वाढतला खंयसून, ता समितीक विचारा.

देवगड_ते_अंबत्तूर

ताई, मी देवगडचा, आमची कलमं आहेत तिथे. पोटापाण्यासाठी चेन्नईत अंबत्तूरला बावीस वर्षं झाली. बायको इथलीच, तिरुवळ्ळूरकडची. सासूबाईंनी तामिळ शिकवलं म्हणून जुनं थोडंफार वाचता येतं. विद्वान नाही, आवड आहे एवढंच.

तुमच्या गाइडला एकच नाव सांगायला हवं होतं: कोट्रवै. 'कोट्रम' म्हणजे विजय आणि 'अव्वै' म्हणजे आई, असं हे नाव फोडतात. रानातली, लढाईतली देवी. तिला 'काडुकिळाळ' म्हणजे रानाची मालकीण असंही म्हणत. संघम साहित्यात, म्हणजे जुन्या तामिळ कवितांत मोजल्या जाणाऱ्या मुरुगनच्या (आपल्या कार्तिकेयाच्या) एका मोठ्या स्तुतिकाव्यात, तिरुमुरुगाट्रुप्पडैमध्ये, एक जागा मला फार आवडते. मुरुगनला हाका मारताना कवी म्हणतो, पर्वतकन्येच्या मुला, कोट्रवैच्या मुला, 'पळैयोळ'च्या बाळा. पळैयोळ म्हणजे जुनी, म्हातारी, पुरातन बाई. एका दमात तीन आया! पर्वतकन्या म्हणजे उत्तरेची पार्वती, कोट्रवै इथली रणदेवी आणि तिसरीला तर नावच नाही, नुसती 'जुनी'. तुमच्या रोणासारखीच.

दुसरं, शिलप्पदिकारम हे तामिळ महाकाव्य. कण्णगीची कथा, साधारण पाचव्या शतकाच्या आसपासची मानतात. कण्णगी आणि तिचा नवरा कोवलन मदुरैला निघालेत आणि वाटेत एयिनर नावाच्या शिकारी लोकांच्या वस्तीत थांबतात. तिथे त्यांच्यातली शालिनी, म्हणजे देवीची भगतीण, अंगात येऊन थरथरते आणि बोलते: तुमच्या गोठ्यात गुरं नाहीत, तुमची मर्दुमकी गेली, देवीचं देणं द्या. मग वस्तीतल्या एका कुमारिकेला देवी म्हणून सजवतात. केसांत चंद्रकोरीच्या जागी रानडुकराचा सुळा, गळ्यात वाघाच्या दातांची माळ, हातात धनुष्य, बसायला काळवीट. ताई, आपल्याकडे अवसर येतो, म्हणजे अंगात येतं, तेव्हा देवी काय बोलते? 'माझा विसर पडलो तुमका.' हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता, कारण आमच्या गावच्या शिमग्यात मी तेच ऐकलंय.

आणि गंमत अशी की त्याच प्रसंगात देवीची जी स्तुती आहे, तिच्यात ती रेड्याच्या डोक्यावर उभी आहे, कपाळावर डोळा आहे, विष प्यायल्याने कंठ काळा आहे. म्हणजे महादेवाच्या खुणा देवीच्या अंगावर! वाघाच्या दातांची माळ रानातली, नीळकंठ पुराणातला आणि दोन्ही एकाच बाईच्या गळ्याशी. गाइड आणि दादरचे काका दोघांनाही तिथेच उभं करावं.

आता कौलाचं, म्हणजे देवाला विचारून उत्तर घेण्याचं. तुम्ही गुरवांच्या, म्हणून मुद्दाम सांगतो. जुन्या कवितांत वेलन येतो, हातात भाला घेतलेला मुरुगनचा भगत. मुलगी प्रेमात पडून खंगते, आईला वाटतं देवाची बाधा झाली. वेलन येतो, कळंगु टाकून बघतो आणि नाचत सांगतो की मुरुगनने धरलंय. मग कोकराचं रक्त मिसळलेले राळे देवाला वाहायचे. कळंगु म्हणजे काय माहितीय? सागरगोटे! आपल्या मुली खेळतात तेच. आपण ओल्या पाकळ्या देवीच्या अंगाला चिकटवून उजवी पडते की डावी ते बघतो, तो सागरगोटे टाकत होता. कुरुन्तोगै या जुन्या कवितासंग्रहात एक कविता आहे, तिच्यात मुलीची मैत्रीण वेलनला विचारते: बाबा, रागावू नका, पण हिला ज्याने झपाटलं त्या डोंगरवाल्याची हार घातलेली छातीसुद्धा तुमचा बळी खाईल का? दोन हजार वर्षांपूर्वी देवस्कीची अशी टिंगल करणारी पोर होती, मला तर तिलाच नमस्कार करावासा वाटतो.

आणि आंब्याची गोष्ट सांगितल्याशिवाय देवगडवाला गप्प कसा बसेल! कारैक्कालला पुनितवती नावाची व्यापाऱ्याची बायको होती. नवऱ्याने दोन आंबे घरी पाठवले. दारात शिवभक्त आला, तिने एक आंबा त्याला वाढला. नवरा जेवायला बसला, उरलेला खाल्ला, आवडला, म्हणाला दुसरा आण. तिने शिवाला हाक मारली आणि हातात आंबा आला. हा इतका गोड की नवऱ्याने विचारलं, हा कुठला? तिने खरं सांगितलं. पुन्हा मागवून बघ म्हणाला, पुन्हा आला आणि त्याच्या हातात पडताच नाहीसा झाला. नवरा इतका घाबरला की घर सोडून गेला, दुसरीकडे संसार थाटला आणि ही भेटायला आली तेव्हा तिच्याच पाया पडला. तिने मग शिवाकडे मागणं केलं की हे रूप काढून घे. हाडांचा सापळा, भूत झाली आणि कैलासावर पावलं ठेवायची नाहीत म्हणून डोक्यावर चालत गेली. शिव तिला 'अम्मै', आई, म्हणाला. तीच कारैक्काल अम्मैयार, सहाव्या शतकाच्या सुमाराची. त्रेसष्ट नायनमारांतली, म्हणजे तामिळ शिवभक्त संतांतली. मूर्तीत बाकीचे नायनमार उभे असतात, ही बसलेली असते. कारैक्कालला अजून तिचा आंब्यांचा उत्सव होतो, लोक गच्चीवरून आंबे उधळतात. मी एकदा झेलला होता. हापूस नव्हता, पण तक्रार नाही.

सत्यशोध_७१

एवढं लांबण कशाला? मोहेंजोदडोची पशुपतीची मुद्रा बघा. योगासनात बसलेला शिव. मातृदेवतेच्या मूर्तीही तिथल्याच. सिंधू लोक दक्षिणेत आले, तेच तामिळ. पाच हजार वर्षं सलग परंपरा. विषय संपला.

चौलकर_मास्तर

विषय संपला असं कुणी म्हटलं की मला छत्तीस वर्षांची सवय आहे, खडू हातात घ्यावासा वाटतो.

त्या मुद्रेला 'आद्य शिव' म्हटलं ते पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शलने, १९३१ साली. तेव्हापासून त्यावर भांडण चालू आहे. ती तीन तोंडं आहेत का, शिंगं रेड्याची म्हणजे तो महिषदेव का, बसणं योगाचं का, काहीच सर्वांना मान्य नाही. आणि लिपी अजून वाचलेली नाही. ज्या लेखाचं एक अक्षर कळत नाही त्यावरून पाच हजार वर्षांची 'सलग' दोरी वळू नये. मधली गाठ दाखवा, मग बोलू.

आता रोणाकडची ताईंचा प्रश्न, देवी जुनी की महादेव. जुने तामिळ कागद काय म्हणतात तेवढंच सांगतो. तोल्काप्पियम या जुन्या व्याकरणग्रंथात जमिनीच्या चार जातींना चार देव वाटून दिलेत: रानकुरणांना मायोन, डोंगराला सेयोन, शेतीला वेंदन, किनाऱ्याला वरुणन. सेयोन म्हणजे तांबडा, तोच मुरुगन. या चौघांत शिव नाही आणि देवीही नाही. कोट्रवै त्याच ग्रंथात येते, पण युद्धाच्या प्रकरणात. पालै म्हणजे करपलेली ओसाड जमीन तिला दिली ती पुढच्या टीकाकारांनी.

शिव संघम कवितांत आहे बरं का. 'शिव' या नावाने नाही, खुणांनी. त्रिनेत्री, निळ्या कंठाचा, वडाखाली बसलेला, तीन पुरं जाळणारा. पुरनानूरु या संघम संग्रहातल्या एका कवितेत कवी पांड्य राजाला सांगतो की तुझं छत्र त्रिनेत्रीच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना तेवढं खाली झुकू दे. म्हणजे देऊळ आहे, मान आहे. फक्त नाव घेत नाहीत. (तामिळमध्ये 'शिवप्पु' म्हणजे लाल, त्यावरून शिव हे नाव मूळ तामिळ असं काही विद्वान सुचवतात. ऋग्वेदात 'शिव' हे रुद्राचं विशेषण, कल्याणकारी या अर्थाने. मला लाल रंगाची व्युत्पत्ती ओढूनताणून वाटते, पण मुरुगनला 'तांबडा' म्हणणाऱ्यांच्या कानाला ती गोड लागली असेल, यात नवल नाही.)

दगडात बघायचं तर तिरुपतीजवळ गुडिमल्लम आहे. आज आंध्रात, पण तामिळ मुलुखाच्या उंबऱ्यावर. पुरुषभर उंचीचं लिंग, पुढच्या अंगाला कोरलेला शिव, पायाखाली बुटका, हातात उलटा धरलेला मेंढा, खांद्यावर परशू. इसवी सनापूर्वीचं म्हणतात, नेमक्या शतकावर एकमत नाही. देवळाचं नाव ऐका: परशुरामेश्वर. चिपळूणला पेढ्याच्या परशुरामाला गेलात तर मागे रेणुकामातेचं देऊळ असतंच. आणि तामिळ गावांत मारीअम्मनची जी कथा सांगतात ती रेणुकेचीच: परशुरामाने आईचं डोकं उडवलं, परत जोडताना ते दुसऱ्या, हलक्या मानलेल्या जातीच्या बाईच्या धडावर बसलं, तीच मारीअम्मन. 'मारी' म्हणजे पाऊस. पाऊस देणारी आणि देवी उठवणारीही. आपणही त्या आजाराला 'देवी'च म्हणतो की. एका अंगात दोन बायका, एक वरची, एक खालची, असं गोष्टच कबूल करते, यापेक्षा सरळ पुरावा कुठला द्यायचा?

माझ्या गावचा अभिमान थोडा मिरवतो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने समुद्रमार्गाची वही लिहिली, पेरिप्लस. त्यात आपलं कल्याण आहे, सेमुल्ला या नावाने आमचं चौल आहे. तोच माणूस पुढे दक्षिणेला 'कोमार'पर्यंतची माहिती देतो आणि लिहितो की इथे स्त्रीपुरुष येऊन स्नान करतात, ब्रह्मचर्याने राहतात, कारण एक देवी इथे राहून न्हायली होती. ही कन्याकुमारी. नवरा नसलेली देवी! मिरी आणि कापडाचे भाव टिपणाऱ्या माणसाने तिची नोंद केली, म्हणजे पहिल्या शतकात तिची कीर्ती बंदरांबंदरांतून फिरत होती. चौलच्या धक्क्यावरही कुणी तरी ऐकलीच असेल. हे माझं आपलं मनातलं, वर्गात शिकवत नसे.

मग शैव पंथाचा जोर कधी? सातवं शतक. शैव संतकवी अप्पर आधी जैन होते. पोटशूळ उठला, बहीण तिलकवती हिने तिरुवदिगैच्या देवळातलं भस्म दिलं, बरे झाले. पल्लव राजा महेंद्रवर्मन त्यांच्यामुळे शैव झाला अशी परंपरा आहे. संबंदर, सुंदरर आणि हे, तिघांची पदं म्हणजे तेवारम. गावोगावच्या शिवावर त्या त्या गावाचं नाव घालून पद. त्यामुळे झालं काय, की कुठल्याशा तळ्याकाठचा, कुठल्या झाडाखालचा, कुठल्या वारुळातला देव, सगळे एका शिवात आले आणि तरी आपापल्या गावचे राहिले. तिरुवारूर त्यातलंच.

देवीचं तसं झालं नाही. महाबलीपुरमला द्रौपदी रथ म्हणतात ना, आत द्रौपदी नाहीच, देवी आहे आणि तिच्या पायाशी एक जण स्वतःचे केस धरून मानेला तलवार लावून बसलाय. तिथल्याच वराह गुंफेतल्या देवीपाशी सिंह आहे, हरीणही आहे. सिंह दुर्गेचा, हरीण कोट्रवैचं. शिल्पकाराने एकाला हाकललं नाही. विजयालय चोळाने नवव्या शतकात तंजावर घेतलं तेव्हा आधी निशुंभसूदनी देवी बसवली. त्याच्या वंशातल्या राजराजाचं प्रचंड शिवमंदिर पुरं झालं १०१० मध्ये. आणि शिवाच्या आवारात देवीला स्वतंत्र गाभारा, 'अम्मन सन्निधी', हे सर्रास झालं ते अकराव्या शतकापासून पुढे. तोवर ती वेशीवर होती, रानात होती. लग्न करून आत आणायला वेळ लागला.

सत्यशोध_७१

मार्शलबद्दल मान्य. पण सिंधूचा संबंध नाहीच असंही सिद्ध नाही.

चौलकर_मास्तर

नाहीच. म्हणूनच फळा कोरा ठेवलाय.

रोणाकडची

मास्तर, 'लग्न करून आत आणायला वेळ लागला' हे वाचलं आणि हसले. आजोळ माझं संगमेश्वरकडचं. मकरसंक्रांतीला मारळला मार्लेश्वराचं लग्न लागतं, साखरप्याहून गिरिजादेवीची पालखी येते. डोंगरातल्या गुहेतला, सापांच्या संगतीतला नवरदेव. मदुरैला गाइडने सांगितलं की चैत्रात मीनाक्षीचं लग्न लागतं आणि एरवीही लोक आधी मीनाक्षीला भेटतात, मग सुंदरेश्वराला, म्हणजे तिथल्या शिवाला. मी मैत्रिणीला म्हटलं, घर तिचं, तो घरजावई. मीनाक्षी पांड्यांची राजकन्या, तिला तीन स्तन होते आणि नवरा समोर आल्यावर तिसरा गळून पडला म्हणे. आमच्या मार्लेश्वराकडे बायको वरातीने येते, तिथे नवराच तिच्या गावी राहिला. दर वर्षी दोन्हीकडे लग्न नव्याने लावावं लागतं, याचंही मला आता काही तरी वाटायला लागलंय. एकदा लावलेलं पुरत नाही बहुतेक.

देवगडचे भाऊ, सागरगोट्यांचं वाचून मी माळ्यावरची आईची पितळी डबी काढली. सात आहेत, एक फुटका. नातीला दिले, तिने विचारलं यांचं करायचं काय.

गोव्यात किती तरी सातेऱ्यांच्या शांतादुर्गा झाल्या, आत रोण तसंच आहे, हे आमच्या समितीतल्या मुखवटावाल्यांना ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं तेच, नाव लावल्याने कुठे काय बिघडतं? खरं सांगू, शिल्पातला सिंह आणि हरीण वाचल्यावर पाटीवरचा माझा राग निम्मा गेला. पार्वती लिहा बापडे. पण मुखवट्याचं आणि फरशीचं पटत नाही. बांदेकर म्हणतो तेच, फरशीखाली वाळवी जगणार कशी? तिरुवारूरच्या वाटेवरच्या त्या पुट्रुला पिवळं कापड होतं, पण माती मोकळी होती. मी बोट लावून बघितलं, ओली होती.

भावाला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, रविवारी मिटिंग आहे, मी कौल मागतो. मुखवटा हवा की नको, देवीलाच विचारतो. समितीने मान्य केलं, कारण कौलाला नाही कोण म्हणणार. ओल्या पाकळ्या तोच लावणार.

बांदेकर_झील

ताई, पाकळे खंय चिकटवतलो तुमचो भाव? रोणाक की मुखवट्याक?

रोणाकडची

रोणाक रे. मुखवटो अजून सोनाराकडे आसा.